पासवर्ड विचारला नाही

यंत्रानं पासवर्ड विचारायला हवा होता. विचारला नाही. त्यानं एक नाव टाईप केलं, एंटर दाबलं, आणि नव्या सर्व्हरनं त्याला सरळ आत घेतलं. काळ्या पडद्यावर एक रिकामी ओळ आली आणि तिच्या सुरुवातीला ते नाव येऊन बसलं. म्हणजे यंत्राच्या लेखी या खुर्चीत आता तो नव्हताच, ताई होत्या. अकरा वर्षांपूर्वी या परीक्षा कार्यालयातून ज्यांना काढून टाकलं त्या ताई. नाव त्यानं मुद्दाम निवडलं नव्हतं. नवा डेटाबेस बसवला की दार नीट लागतंय ना हे बघायला तो पासवर्ड काढून घेतलेलं एखादं जुनं खातं घेऊन बाहेरून ठोठावून बघायचा, इतकंच. जुन्या यंत्रावरची खात्यांची यादी सकाळीच नव्यावर आणली होती. गेलेल्या माणसांची नावंही तिच्यात होती, कारण त्यांनी केलेल्या नोंदी राहतात आणि नोंदींखाली कुणाचं तरी नाव लागतं. यादीत दोनशे नावं होती. बोटांनी हेच उचललं, आणि दार उघडंच निघालं. तो हात मांडीवर घेऊन बसून राहिला. खोलीत पंख्यांचा एकसुरी आवाज होता आणि थंडी होती, यंत्रांना लागते तेवढी, माणसाला नको असते तेवढी.

चूक काय झाली हे त्याला लगेच कळलं होतं. सकाळपासून सगळं बिनबोभाट चाललं होतं. सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, ते चालवायला वेगळं खातं उघडलं, माहिती कुठल्या फोल्डरात ठेवायची, मेमरी किती वापरायची, कुणाच्या हाका ऐकायच्या आणि कुणाच्या नाहीत हे एकेक ठरवत गेला. शेवटी एक छोटी फाईल असते. कुणाला आत घ्यायचं आणि काय विचारून घ्यायचं हे तिच्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा बसवताना कुणाचाच पासवर्ड ठरलेला नसतो, म्हणून तिथं तात्पुरतं लिहायचं, येईल त्याला येऊ दे, काही विचारू नको. मग आत जायचं, पासवर्ड ठरवायचे, बाहेर यायचं आणि ती ओळ बदलायची, आता प्रत्येकाला विचार. इथवर सहसा कुणी चुकत नाही. पण सर्व्हर ही फाईल सुरू होताना एकदाच वाचतो आणि वाचलेलं धरून बसतो. नंतर तुम्ही तिच्यात काहीही लिहा, पुन्हा वाच असं त्याला सांगितल्याशिवाय तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. फाईलमध्ये दार बंद असतं आणि प्रत्यक्षात सताड उघडं. आज तो ओळ बदलत असतानाच साहेब दारात येऊन उभे राहिले होते. "झालं का रे? चार वाजता गाडी येतेय जुनी धुडं न्यायला." "होतंय," तो म्हणाला. "होतंय म्हणजे? पाच वर्षं झाली मला इथं येऊन, तुझं होतंयच ऐकतोय." साहेब स्वतःच हसले आणि गेले, आणि त्या हसण्यात तो पुन्हा वाच हे सांगायचं विसरला. आता त्यानं ते सांगितलं. पुन्हा ताईंचं नाव टाईप केलं. या वेळी पासवर्ड विचारला गेला. त्यानं उगाच काहीतरी बडवलं. प्रवेश नाकारला, असं उत्तर आलं. दोन मिनिटांचं काम. पण या दोन मिनिटांची खबरदारी तो अकरा वर्षं न चुकता घेत आला होता, आणि का घेत आला होता हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

ताईंना मागं सगळे खोडरबर म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे. गुण भरणाऱ्या बायका-पुरुषांत त्या सर्वांत जुन्या. कुणी नावात ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, कुणी अडतीसचे त्र्याऐंशी केले, की त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या, बोलायच्या नाहीत, नुसती पेन्सिल चुकीच्या जागी टेकवायच्या आणि समोरच्याला स्वतःला दिसेपर्यंत थांबायच्या. तो नोकरीला लागला तेव्हा त्याला कार्यालयाचं काम त्यांनीच शिकवलं. त्याला यंत्र कळत होतं, पण गुणपत्रिका म्हणजे काय, फेरतपासणी म्हणजे काय, गैरहजर आणि शून्य यांत काय फरक, हे त्याला कुठं ठाऊक होतं? "शून्य मिळालेला मुलगा येऊन बसला होता रे," त्या म्हणाल्या होत्या. "घाबरत का होईना, आला होता. त्याला गैरहजर लिहायचं नाही." संध्याकाळी त्यांच्या घरी आसपासची आठदहा पोरं गणिताला यायची. फुकट. स्वतःचं मूल नाही म्हणून, असं लोक म्हणायचे; ताई म्हणायच्या, मला येतं म्हणून. त्याची मुलगी नऊ वर्षांची होती, तीही जायची. घरी आली की ताईंसारखी पेन्सिल टेकवून बापाच्या तोंडाकडे बघत राहायची. बायको हसायची. "घ्या, घरात अजून एक खोडरबर."

मग बावीस सप्टेंबरला तीन विद्यार्थ्यांचे गुण वाढले. कुणीतरी आत जाऊन वाढवले होते, आणि आत गेलेल्याचं नाव ताईंचं होतं. ताई म्हणाल्या, मी नाही. चौकशी समिती बसली. लांब टेबलाच्या एका बाजूला तिघं, दुसऱ्या बाजूला ताई एकट्या, आणि कोपऱ्यात तो, यंत्राचा जाणकार म्हणून बोलावलेला. अध्यक्षांनी विचारलं, "पासवर्ड दिल्याशिवाय कुणाला आत जाता येतं का?" तो म्हणाला, "नाही." त्यानं ती फाईल छापून आणली होती. ओळीवर बोट ठेवून दाखवली. बघा, प्रत्येकाला विचारायचं, असं लिहिलंय; नऊ फेब्रुवारीला, यंत्र बसवलं त्याच दिवशी लिहिलंय. ते खरं होतं. तो जे जे बोलला ते सगळं खरं होतं. ताईंनी त्या छापील ओळीकडे पाहिलं होतं, मग त्याच्याकडे. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. एखाद्या मुलानं सगळ्या पायऱ्या नीट मांडाव्यात आणि उत्तर मात्र चुकावं, तेव्हा त्या वहीकडे बघत तसं त्या बघत होत्या. कुठं चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं आणि त्याला तर शोधायचंही नव्हतं. नोव्हेंबरात त्यांना काढलं. चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "शेवटी खोडरबरनं खोडलंच." सगळे हसले. तोही हसला होता का? पुष्कळदा त्यानं आठवून बघितलं. हसण्याचा आवाज आठवतो, चेहरे आठवतात, कपातली साय आठवते, स्वतःचं तोंड आठवत नाही.

आणि सहा जानेवारी. ही तारीख मात्र तो झोपेत विचारली तरी सांगेल. सकाळी वीज गेली, सर्व्हरची बॅटरी दमलेली होती, यंत्र धाडकन बंद पडलं. वर्षभरात पहिल्यांदा. वीज आल्यावर ते सुरू झालं आणि सगळं सुरळीत दिसलं. फक्त रोज दुपारी डेटाबेसची प्रत काढून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट होती, तीच अडली. पासवर्ड दिला नाही, असं म्हणून सर्व्हरनं तिला बाहेर ठेवलं. त्याला गंमत वाटली. ही स्क्रिप्ट त्यानंच लिहिलेली, अकरा महिने रोज आत जात होती, आज हिला काय झालं? उघडून बघितली तर तिच्यात पासवर्ड लिहिलेलाच नव्हता. कधीच नव्हता. म्हणजे अकरा महिने ती पासवर्ड न देताच आत जात होती. म्हणजे अकरा महिने कुणीही, कुठलंही नाव सांगून, आत जाऊ शकत होतं. त्यानं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. सर्व्हर फाईल पुन्हा वाचतो तेव्हा तशी एक ओळ लिहून ठेवतो. नऊ फेब्रुवारी ते सहा जानेवारी, तशी ओळ एकही नव्हती. मग त्यानं स्क्रिप्टमध्ये पासवर्ड घातला, आणि सवयीनं, आपल्यामागून हे काम करणाऱ्याला कळावं म्हणून वर टीप लिहिली: आजपासून पासवर्ड लागतो, आधी लागत नव्हता. खाली तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं. टीप लिहून झाल्यावर ती ताईंच्या बाजूची साक्षच झाली आहे हे त्याच्या ध्यानात आलं. पुसता आली असती. पुसली नाही. सांगता आलं असतं. सांगितलंही नाही.

आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, नीट लिहून काढू आणि देऊ. दोन ओळी लिहिल्या की तिसऱ्या ओळीत 'माझ्या हातून' हे शब्द यायचे आणि पुढं काही सुचायचं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर ती फार मोठी नव्हती. मोठी होती ती लांब टेबलाची. तिथं पुन्हा जाऊन म्हणायचं, मी दाखवलेली ओळ यंत्रानं वाचलीच नव्हती. ते विचारतील, एवढी साधी गोष्ट विसरलात? त्या साध्या गोष्टीपाशी तो अडायचा. मोठी चूक माणूस कबूल करतो. इतकी बारकी चूक कशी कबूल करायची? तोवर ताईंकडची पोरं एकेक करून बंद झाली होती. गुण वाढवणाऱ्या बाईकडे मुलांना कोण पाठवणार? त्याची मुलगी हट्टानं जात होती. आली की सांगायची, "बाबा, ताईंनी विचारलंय, तुम्ही बरे आहात ना." रोज तोच निरोप. जानेवारीच्या शेवटी तो एके दिवशी म्हणाला, "आता पुरे. परीक्षा जवळ आलीय, घरीच अभ्यास कर." बायकोनं त्याच्याकडे वळून पाहिलं. लोक बोलत होते तेव्हा बंद केलं नाही आणि आता का, असं तिच्या तोंडावर होतं, पण तिनं विचारलं नाही. मुलीनं विचारलं. "पण माझे अपूर्णांक अर्धेच झालेत." तो म्हणाला, "मी शिकवीन." शिकवले नाहीत.

साडेबारा वाजले होते. नवा सर्व्हर तयार होता आणि जुना त्याच्या शेजारी, वायरी काढलेला, उघड्या अंगाचा. चार वाजता गाडी येणार, माणूस डिस्क बाहेर काढणार, तिला यंत्रानं आरपार तीन भोकं पाडणार आणि कागदावर सही घेणार. मग त्या अकरा महिन्यांच्या नोंदी जगात कुठंच राहणार नव्हत्या. हे त्याला महिनाभर माहीत होतं. महिनाभर तो या दिवसाची वाट बघत होता असंच म्हणायला हवं. भोकं पडली की सुटलो, असं त्याला वाटत होतं. पण आता ताईंचं नाव त्या काळ्या पडद्यावर येऊन बसलेलं त्यानं पाहिलं होतं, आणि त्या नावानं यंत्राला वाटेल ते करायला सांगणारे हात त्याचेच होते. त्यानं जुना सर्व्हर पुन्हा जोडला. नोंदी काढल्या. पाच पानं छापून निघाली, खाली क्रमांक घातलेली. डिस्क काढून घेऊन तो साहेबांच्या खोलीत गेला.

"ही आठ दिवस ठेवायचीय."

"का? उशाशी घेऊन झोपणार आहेस?"

"काही नोंदी ताडून बघायच्यात."

"नोंदी नव्यावर आल्या ना?"

"या वेगळ्या आहेत. जुन्या."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बरं नाही का तुला? घामेजलायस. त्या थंड खोलीत बसून घाम येणारा तू पहिलाच." त्यांनी कपाट उघडलं. "ठेव. सही तुझी, जबाबदारी तुझी. वरून कुणी विचारलं तर मी तुझंच नाव सांगणार हां." तो म्हणाला, "सांगा." मग अर्ध्या दिवसाची रजा लिहून तो बाहेर पडला.

ताईंचं घर चालत वीस मिनिटांवर होतं. एवढ्या जवळ राहून अकरा वर्षांत त्या एकदाच दिसल्या होत्या, औषधांच्या दुकानात, आणि तो चपलेचा बंद नीट करायला वाकला होता. दुपारचे रस्ते रिकामे होते, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. पानांचं पाकीट त्यानं काखेत धरलं होतं. मनात वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य पहिल्याच पायरीवर मोडत होतं. तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दाराशी, त्यानं पाकीट उघडलं, चौथं पान काढलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. चौथ्या पानावर ती स्क्रिप्ट होती, तिच्यावरची टीप आणि तारीख. डिस्क कपाटात होती आणि डिस्कवर सगळं होतंच, उद्या-परवा कुणीतरी ते वाचणारच होतं, हे त्याला समजत होतं. तरी त्यानं पान काढलं. मग घंटा वाजवली.

"कोण? थांबा हां, येतेय." दार उघडलं. ताई बारीक झाल्या होत्या. त्यांनी डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघितलं आणि हसल्या. "अगबाई, तू! किती पांढरा झालास रे. ये. ती खुर्ची नको, तिचा पाय लुळा आहे. इकडे बस."

खिडकीखाली मुलांचं बुटकं टेबल तसंच होतं, त्यावर आता कुंड्या होत्या. त्यानं पानं पुढं केली आणि बोलायला सुरुवात केली. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. यंत्राबद्दल बोलताना त्याचा आवाज नेहमीच शांत व्हायचा. ताई मध्ये बोलल्या नाहीत. तो थांबल्यावर त्यांनी हात वर केला.

"आता मी सांगते, तू बरोबर की चूक ते सांग. तू फाईल बदललीस, पण यंत्रानं ती वाचली नाही."

"बरोबर."

"म्हणून कुणीही माझं नाव सांगून आत जाऊ शकत होतं. पासवर्डची गरजच नव्हती."

"हो."

"आणि चौकशीत तू दाखवलीस ती बदललेली फाईल. तुला वाटत होतं दार बंद आहे. म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. मी इतकी वर्षं हेच कोडं सोडवत होते रे. तू खोटं बोलणार नाहीस हे मला माहीत होतं, आणि मी केलं नाही हेही माहीत होतं. दोन्ही खरं कसं असेल?" त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "आणि हे आज कळलं तुला. नवं यंत्र बसवताना."

तो प्रश्न नव्हता. त्याला फक्त गप्प राहायचं होतं, पण गप्प राहणंही त्याला जमलं नाही.

"हो," तो म्हणाला. "आज."

ताई उठल्या, फोन घेतला. "धाकट्या बहिणीला सांगते आधी. तिनं तेव्हा एकदा विचारलं होतं मला, खरं सांग, केलंस का? त्यानंतर आम्ही दोघी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारतो." पलीकडे फोन उचलला गेला. "माई, मी. नाही गं, बरी आहे. ऐक तर आधी. सापडलं. ते मी केलं नव्हतं ना, ते का दिसत होतं ते सापडलं. अगं, कागद आहेत हातात! आपला तो यंत्रवाला नाही का, तोच घेऊन आलाय. आज कळलं आणि आजच धावत आला बघ. जेवलाही नसेल. हो, अशी माणसं राहिलीत कुठं." त्या बोलत होत्या आणि तो कुंडीतल्या मातीकडे बघत होता. खिशातल्या घडीचा कोपरा छातीला टोचत होता. फोन ठेवून ताई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि एकदम तरुण दिसत होता.

"मुलगी काय करते तुझी?"

"कॉलेजात आहे. तिसऱ्या वर्षाला."

"तिला पाठव. तिचे अपूर्णांक अर्धेच राहिलेत."

"वीस वर्षांची आहे ती, ताई."

"मग? अपूर्णांक काय बदललेत?" त्या हसल्या, आणि तोही हसला, या वेळी स्वतःचं तोंड त्याला नीट जाणवलं. ताईंनी पेन्सिल घेतली, दुसरा चष्मा लावला आणि पानं पुढ्यात ओढली. "फेरचौकशीचा अर्ज करायचा तर नीट वाचायला हवं. एक. दोन. तीन." पेन्सिल पानाच्या खालच्या कोपऱ्यावर थांबली. "पाच. चौथं कुठाय?"

त्यानं खिडकीखालच्या कुंड्यांकडे पाहिलं.

"छापायचं राहिलं का?"

"नाही."

त्यांनी पुढं विचारलं नाही. पेन्सिल पाचाच्या आकड्यावर टेकवून त्या थांबल्या, पूर्वी थांबायच्या तशाच, समोरच्याला घाई न करता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मग त्यानं खिशात हात घातला, घडी उलगडली आणि पान टेबलावर ठेवलं.

त्या वाचत गेल्या. ओळीखालून पेन्सिल सरकत होती. टिपेपाशी आल्यावर त्यांनी ती मोठ्यानं वाचली, मुलं धडा वाचतात तशी, एकेक शब्द सुटा करून. "आजपासून पासवर्ड लागतो. आधी लागत नव्हता. सहा जानेवारी." पुन्हा एकदा वाचली. "साल मला काढलं त्याच्या पुढचंच आहे," त्या म्हणाल्या. "ही अक्षरं तुझी ना?"

"हो."

"सहा जानेवारीला दोघं येत होती माझ्याकडे. खालच्या मजल्यावरचा मुलगा आणि तुझी. सगळ्यांत शेवटी तुझी गेली. मला वाटलं, आता तुलाही पटलं, मीच केलं असं. तुला पटलं तर मग बाकीच्यांना मी काय सांगणार होते?"

"ताई—"

"थांब." त्यांनी चौथं पान तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये घातलं, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, वर पेन्सिल ठेवली. मग फोन घेतला.

"माई, पुन्हा मीच. मघाशी सांगितलं त्यात एक चूक झालीय. हो, दुरुस्त करायला केलाय फोन. त्याला आज नाही कळलं. सहा जानेवारीला कळलं. नाही, या वर्षीच्या नाही, मला काढलं त्यानंतरच्याच." ताई फोन कानाला लावून खिडकीतून बाहेर बघत होत्या. "नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "अजून गेला नाही. समोरच बसलाय."